चिपीचं विमान आणि मुंबईतला स्लॉट

प्रश्न : आमच्या सिंधुदुर्गातल्या चिपी एअरपोर्टवरचं मुंबई विमान एवढा गाजावाजा करून सुरू झालं आणि तीन वर्षांत बंद पण पडलं. कोणी म्हणतं पॅसेंजरच नव्हते, कोणी म्हणतं राजकारण. आता नवी मुंबईचा एअरपोर्ट झाला, त्येचो आमका काय फायदो? – एक वाचक, कुडाळ

उत्तर : पॅसेंजर नव्हते हे मला अजिबात पटत नाही. ज्या जिल्ह्यात घरटी एकतरी माणूस मुंबईत आहे, गणपतीचं रिझर्वेशन उघडल्या उघडल्या कोकणकन्या वेटिंगला जाते, तिथे सत्तर सीटचं छोटं एटीआर विमान भरणार नाही?

खरी गोम उडानच्या, म्हणजे केंद्राच्या स्वस्त विमानसेवेच्या योजनेच्या हिशोबात आहे. या योजनेत विमानातल्या साधारण अर्ध्या सीट ठरलेल्या स्वस्त दरात विकायच्या आणि तोटा सरकारने भरून द्यायचा, पण फक्त तीन वर्षं. चिपी सुरू झालं ९ ऑक्टोबर २०२१ ला, म्हणजे मुदत संपली ऑक्टोबर २०२४ मध्ये, आणि विमान बंद झालं तेही त्याच महिन्यात. हे फक्त आपलंच नाही हो, सरकारी हिशोब तपासणाऱ्या कॅगने २०२३ च्या रिपोर्टमध्ये सांगितलंय की उडानच्या पहिल्या तीन फेऱ्यांतल्या ७७४ रूटपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत, जे सुरू झाले त्यातल्या ११२ रूटनीच तीन वर्षं पूर्ण केली आणि त्यानंतरही टिकले ते फक्त ५४.

दुसरी अडचण मुंबईची. सांताक्रूझला धावपट्ट्या दोन आहेत पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. आता एका लँडिंगला जी वेळ लागते ती दिल्लीहून येणाऱ्या १८० सीटच्या विमानालाही लागते आणि आपल्या एटीआरलाही, मग सकाळचा चांगला स्लॉट, म्हणजे उतरायची-उडायची ठरलेली वेळ, कोणाला मिळणार ते सांगायला नको. उलट गोव्याच्या मोपा एअरपोर्टवर जानेवारी २०२३ पासून मोठी विमानं उतरायला लागली, सावंतवाडी-बांद्याची माणसं तिकडे वळली, त्यांना तरी काय बोलणार.

राजकारणाचं म्हणाल तर उद्घाटनाला उद्धव ठाकरे आणि नारायण राणे एका स्टेजवर होते आणि दुसऱ्या दिवशी पेपरात सगळी त्यांची टोलेबाजी. तीन वर्षांनी पैसे संपल्यावर काय करायचं, हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता, आणि तो आपल्या सगळ्याच पक्षांच्या पुढाऱ्यांनी विचारायला हवा होता. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण पेशंटला मुंबईला न्यायचं असेल तर आजही रात्रभर गाडीत आडवं करून न्यावं लागतं, आणि हायवेचं चौपदरीकरण २०११ पासून चाललंय.

नवी मुंबईचा फायदा होऊ शकतो. तिथे २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं सुटायला लागली, डोंबिवली, ठाणे, पनवेलच्या चाकरमान्यांना ते सोयीचं, बोरिवली-विरारवाल्यांना मात्र लांबच. पण तिथलेही चांगले स्लॉट भराभर जाणार. म्हणून आमदार-खासदारांना आत्ताच धरा : सकाळी चिपीहून आणि संध्याकाळी परत असा स्लॉट लेखी द्या, केंद्राचे पैसे संपले की राज्याने किती वर्षं भरायचे ते सांगा, आणि विमानाच्या वेळेला कुडाळ स्टेशनवरून एसटी सोडा.

प्रश्न : आम्ही जमिनी दिल्या. नवी मुंबईच्या एअरपोर्टला प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटलांचं नाव हवं म्हणून २०२१ मध्ये मानवी साखळी केली, मोर्चा काढला. नावापलीकडे पोरांना काय? – एक वाचक, उरण

उत्तर : नावाचा आग्रह रास्तच आहे. १९८४ ला जमीन संपादनाविरुद्धच्या आंदोलनात जासईत पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांनी जीव दिले म्हणून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मिळाले, एअरपोर्टसाठी ते साडेबावीस टक्के झाले, पण भूखंड एकदा विकला की संपला. पोरांना कार्गो, ग्राउंड हँडलिंग, विमान दुरुस्ती यातलं ट्रेनिंग आणि कायमची नोकरी हवी, कंत्राटी हाऊसकीपिंग नको. दहा गावं उठली तिथून. किती पोरं कुठल्या पगारावर लागली याची गाववार यादी नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोकडे ग्रामस्थांनी मिळून मागा, माहिती अधिकारात मागा, आणि मिळाली की आम्हाला पाठवा, आम्ही ती याच पानावर छापू.