लंबकाची लांबी नेमकी कुठून कुठपर्यंत?

प्रश्न : लंबकावरून गुरुत्व त्वरण काढण्याचा प्रयोग घरी केला. दोरा ५० सेंमी, टोकाला ४ सेंमी व्यासाचा धातूचा गोळा. १० दोलनांना १४.५ सेकंद लागले आणि उत्तर ९.८ ऐवजी ९.३९ आले. दुसऱ्यांदा केले तर ते १२ च्या वर गेले! सूत्र तपासले, ते बरोबर आहे. मग चुकते कुठे?

उत्तर : सूत्र बरोबर आहे, त्यात घातलेली लांबी चुकली आहे. लंबकाची लांबी म्हणजे दोऱ्याची लांबी नव्हे. ती टांगणीच्या बिंदूपासून गोळ्याच्या केंद्रापर्यंत धरायची असते. तुमच्या गोळ्याची त्रिज्या २ सेंमी, म्हणून खरी लांबी ५२ सेंमी. आता ३९.४८ (म्हणजे ४ गुणिले पायचा वर्ग) गुणिले ०.५२ मीटर, भागिले दोलनकालाचा (एका पूर्ण दोलनाला लागणारा वेळ, इथे १.४५ सेकंद) वर्ग, असे करून पाहा. उत्तर ९.७६ येते. त्या २ सेंमीनेच चार टक्के खाल्ले होते.

दुसऱ्या वेळची चूक मोजणीची असणार. घड्याळ सुरू करतानाच 'एक' म्हटले तर 'दहा' म्हणेपर्यंत नऊच दोलने होतात. दोलनकाल एक दशांशाने कमी भरतो आणि त्याचा वर्ग छेदात असल्याने उत्तर सुमारे २३ टक्क्यांनी फुगते. घड्याळ सुरू करताना 'शून्य' म्हणा. उत्तर ४० च्या घरात आले, तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अर्धे दोलन तुम्ही पूर्ण धरले आहे.

दहा दोलने मुळात कमीच आहेत. घड्याळाची कळ दाबताना हात ०.२ सेकंद मागेपुढे होतोच. १४.५ सेकंदांत ही चूक १.४ टक्के, उत्तरात तिच्या दुप्पट. तेच ५० दोलने मोजली तर ७२ सेकंदांत ती उत्तरात जेमतेम अर्धा टक्का उरते. वेळ घ्यायची ती गोळा मध्यावरून जाताना, टोकाला नाही. टोकाला तो रेंगाळतो आणि नेमका क्षण पकडता येत नाही. मध्यावर त्याचा वेग सर्वांत जास्त असतो. मागे कागदावर एक उभी रेघ ओढून ठेवा, ती ओलांडताना मोजा, आणि दर वेळी एकाच दिशेने ओलांडताना.

आता टांगणी. दोरा खिळ्याला गुंडाळून गाठ मारली की झोक्याबरोबर तो खिळ्यावर थोडा गुंडाळतो, थोडा सुटतो, आणि लांबीला निश्चित वरचे टोकच राहत नाही. दोन सपाट लाकडी पट्ट्यांमध्ये दोरा घट्ट दाबून धरा आणि पट्ट्यांच्या खालच्या कडेपासून मोजा. मापही गोळा टांगल्यावरच घ्यायचे, कारण दोरा ताणतो. नायलॉनचा तर बराच. ज्या आधाराला टांगले तो हलत नाही ना, हेही बोट लावून पाहा. गोळ्याऐवजी गवंड्याचा ओळंबा वापरायचा मोह होईल, पण त्याच्या निमुळत्या आकारात गुरुत्वमध्य कुठे आहे हे डोळ्यांनी कळत नाही.

केंद्र मोजायचेच नसेल तर एक सुरेख पळवाट आहे. दोऱ्याची लांबी ४०, ६०, ८०, १००, १२० सेंमी ठेवून दर वेळी दोलनकाल काढा आणि दोलनकालाच्या वर्गाचा दोऱ्याच्या लांबीशी आलेख काढा. त्रिज्या सगळ्याच मापांत सारखीच सुटलेली असल्याने रेघ वर सरकते, तिचा चढ (तिरकेपणा) बदलत नाही. लांबी मीटरमध्ये घेतली असेल तर चढ ४.०३ च्या आसपास येईल, ३९.४८ ला त्याने भागले की गुरुत्व त्वरण मिळते. रेघ उभ्या अक्षाला जिथे छेदते त्या आकड्याला चढाने भागले, तर विसरलेली त्रिज्याच हाती येते.

मोठी अचूकता हवी होती तेव्हा लांबीचा हाच प्रश्न इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ हेन्री केटर यांनी १८१७-१८ मध्ये सोडवला. त्यांच्या धातूच्या दांड्याला दोन धारदार टांगण्या होत्या. दांडा सुलटा आणि उलटा टांगून दोन्ही दोलनकाल अगदी सारखे केले, की त्या दोन धारांमधले अंतर हीच लंबकाची लांबी. गुरुत्वमध्य शोधण्याची गरजच उरली नाही.

प्रश्न : झुंबर हलताना पाहून गॅलिलिओला कळले, की झोका लहान असो वा मोठा, वेळ तेवढाच लागतो. मग आमच्या शिक्षिका ५ अंशांच्या आत झोका ठेवायला का सांगतात?

उत्तर : कारण त्या बरोबर आहेत आणि गॅलिलिओचे विधान पूर्ण खरे नाही. झोका वाढला की दोलनकालही वाढतो : ५ अंशांना ०.०५ टक्के, १० अंशांना ०.२, ३० अंशांना १.७, ४५ अंशांना ४ टक्के. ३० अंशांवरून सोडलेल्या लंबकाने ९.८ ऐवजी ९.४७ येईल. १ मीटर लंबकाला ५ अंश म्हणजे बाजूला सुमारे ८.७ सेंमी, एवढेच ओढा.

झुंबराची गोष्ट गॅलिलिओचे शिष्य व्हिव्हियानी यांनी गुरूच्या मृत्यूनंतर लिहिली. गॅलिलिओची स्वतःची लंबकाविषयीची नोंद १६०२ च्या एका पत्रात सापडते. खरा इलाज डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स यांनी शोधला. १६५६ मध्ये लंबकाचे घड्याळ बांधल्यावर १६५९ मध्ये त्यांनी सिद्ध केले, की गोळा वर्तुळाच्या कंसावर नव्हे तर चक्रज वक्रावर (घरंगळणाऱ्या चाकाच्या कडेवरचा बिंदू आखतो त्या वक्रावर) फिरला तरच वेळ खरोखर सारखा राहतो. त्यासाठी दोऱ्याच्या दोन्ही बाजूंना वाकलेले पत्रे बसवले. कागदावर देखणे, पण पुढच्या घड्याळजींनी सरळ झोकाच लहान केला; तो मार्ग सोपा होता.

प्रश्न : जड गोळा लावला तरी दोलनकाल तोच कसा?

उत्तर : जड गोळ्याला पृथ्वी जास्त ओढते, पण त्याला हलवायलाही तेवढ्याच पटीने जास्त बळ लागते. हे गृहीत न धरता न्यूटन यांनी तपासले. ११ फूट दोऱ्यांना दोन सारख्या लाकडी पेट्या टांगून त्यांनी सोने, चांदी, शिसे, काच, वाळू, मीठ, लाकूड, पाणी आणि गहू यांची तुलना केली. हजारात एका भागाचाही फरक पडला असता तर तो दिसला असता. पेट्या सारख्या, कारण हवेचा अडथळा दोहोंना सारखाच हवा. तुम्ही मात्र गोळा बदलताना त्रिज्या बदलली, तर लांबी पुन्हा मोजा.

प्रश्न : माझा १ मीटर लंबक काही वेळाने सरळ रेषा सोडून लंबवर्तुळात फिरू लागतो. ही पृथ्वी फिरत असल्याची खूण का?

उत्तर : नाही. ही बहुतेक तुमच्या बोटांची खूण आहे. सोडताना गोळ्याला बाजूने जरासा धक्का बसला की लंबवर्तुळ तयार होते आणि ते लंबवर्तुळ स्वतःच हळूहळू फिरू लागते. १० सेंमी झोक्यात आडवी फेक फक्त १ मिलिमीटर असली, तरी १ मीटर लंबकात हे फिरणे तासाला सुमारे २४ अंश होते. पृथ्वीमुळे झोक्याच्या प्रतलाचे (ज्या उभ्या पातळीत लंबक झुलतो तिचे) होणारे फिरणे ध्रुवावरसुद्धा तासाला १५ अंशच. इतरत्र त्याला अक्षांशाच्या साइनने गुणायचे.

म्हणूनच पृथ्वीचे फिरणे लंबकाने दाखवताना फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ फूको यांनी १८५१ मध्ये पॅरिसच्या पँथिऑनमध्ये ६७ मीटर लांब तारेला २८ किलोचा गोळा टांगला. लांबी वाढली की लंबवर्तुळाचा हा दोष झपाट्याने घटतो. तिथे प्रतल तासाला सुमारे ११.३ अंश फिरते. गोळा हाताने सोडलेला नव्हता. तो दोऱ्याने बाजूला बांधून ठेवला होता आणि तो दोरा जाळला होता. घरच्या लंबकालाही हीच युक्ती करा : गोळ्याभोवती सुती दोऱ्याचा फास टाकून तो मागे बांधा, गोळा पूर्ण स्थिर होईपर्यंत थांबा आणि मग दोऱ्याला काडी लावा. दोरा टाकाऊ आणि सुती हवा, नायलॉन वितळून चिकटतो. जळका दोरा पडेल तिथे कागद ठेवू नका.