वाचकांचे प्रश्न : शिसे सरकते ठेवावे की घट्ट?

प्रश्न : सुट्टीच्या दिवशी मी उजनीच्या फुगवट्यावर, इंदापूरच्या बाजूला, काठी-रीळ घेऊन बसतो. गळापासून वीतभर अंतरावर 20 ग्रॅमचे शिसे गाठ मारून पक्के बांधतो आणि गळाला कणकेची गोळी लावतो. काठीचे टोक दोनदा हलते, मी हिसका देतो, पण वर येतो तो रिकामा गळ. गाळात शिसे रुततेही आणि जुन्या बांधांत अडकून तुटतेही. माझे काय चुकते?

उत्तर : आपली गोळी चांगली आहे, नाहीतर मासा दोनदा आलाच नसता. चूक शिशाच्या गाठीत आहे. मृगळ आणि सायप्रिनस हे तळाशी चरणारे मासे आमिष चावून तोडत नाहीत. ते गाळासकट तोंडात ओढतात, चाचपतात आणि संशय आला की तितक्याच सहजपणे बाहेर टाकतात. शिसे घट्ट बांधलेले असले की गोळी घेऊन हलणाऱ्या माशाच्या तोंडाला वजनाची ओढ लागते आणि आपला हात हिसका देईपर्यंत गोळी बाहेर पडलेली असते. घट्ट शिसे उपयोगी पडत नाही असे नाही. ते चांगले जड ठेवून पुढचा दोरा आखूड केला, तर बुजून पळणारा मासा त्या वजनावरच अडखळतो आणि गळ त्याला आपोआप टोचतो. आपले 20 ग्रॅम मात्र या दोन्हींच्या मधले आहे : माशाला सावध करण्याइतके जड आणि त्याला टोचण्यासाठी अपुरे.

म्हणून शिसे सरकते ठेवावे. मधोमध भोक असलेले शिसे रिळावरच्या मुख्य दोऱ्यात ओवावे, त्यामागून एक छोटा मणी ओवावा आणि दोऱ्याच्या टोकाला दोन्ही बाजूंनी फिरणारी कडी, म्हणजे दुकानातले स्विव्हल, बांधावे. मणी गाठीचे रक्षण करतो. तो नसेल तर प्रत्येक फेकीला शिसे गाठीवर आदळून तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, कमजोर होतो. कडीच्या दुसऱ्या बाजूला साधारण 40 सेंटिमीटरचा वेगळा तुकडा आणि त्याच्या टोकाला गळ. मुख्य दोरा 0.35 मिलिमीटरचा असेल तर हा तुकडा 0.28 मिलिमीटरचा घ्यावा, म्हणजे गळ अडकलाच तर पुढचा तुकडा तुटेल आणि बाकीचे सामान हाती राहील. गळाच्या क्रमांकांबाबत अनेकांचा घोटाळा होतो : आकडा वाढतो तसा गळ लहान होतो. कणकेच्या गोळीसाठी 6 किंवा 8 क्रमांक पुरे.

गाठ आवळताना ती थुंकीने ओली करावी. कोरडा तंगूस स्वतःवरच घासून तापतो आणि नेमका तिथेच दुबळा होतो. ‘मोठा मासा तोडून गेला’ म्हणून सांगितल्या जाणाऱ्या कथांपैकी बऱ्याच कथांचा नायक मासा नसून कोरडी गाठ असते, असे मला वाटते. घरी तयारी झाली की शिसे टेबलावर ठेवून पुढचा तुकडा हलकेच ओढून पाहावा. शिसे जागचे न हलता दोरा त्यातून सरकला, तर मांडणी जमली.

आता गाळ आणि बांध. उजनीचे पाणी ओसरले की पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते, हे आपण पाहिले असेलच. तळाशी अशी बांधकामे, शेतांचे बांध आणि झाडांची खोडे असणार हे गृहीत धरूनच तिथे बसावे. अशा जागी शिसे मुख्य दोऱ्यात थेट ओवू नये. दोऱ्यावर एक लहान कडी सरकती ठेवावी आणि तिला वीतभर साध्या, कच्च्या सुती दोऱ्याने वजन लटकवावे. वजन अडकले तर सुती दोरा आधी तुटतो आणि गळाला लागलेला मासा वाचतो. गाळातही हीच युक्ती चालते, कारण वजन रुतले तरी कडी वरच राहते आणि दोरा मोकळा सरकतो.

प्रश्न : भीमेच्या वाहत्या पाण्यात 40 ग्रॅमचे वजनही वाहत जाते. आणखी जड लावावे का? शिशाऐवजी दगड चालेल का?

उत्तर : वजन वाढवण्याआधी दोरा पाहावा. प्रवाह शिशापेक्षा पाण्यात ताणलेल्या लांबलचक दोऱ्याला अधिक ढकलतो, म्हणून दोरा बारीक घेतला आणि काठीचे टोक उंच धरून जमेल तितका दोरा पाण्याबाहेर ठेवला, तर तेच वजन पुष्कळदा टिकते. आकारही बदलावा, गोल शिसे गोटीसारखे गडगडते, चपटे तळाला धरून राहते. दगडाने काम बिघडेल. काळ्या पत्थराचा 40 ग्रॅमचा खडा पाण्यात जेमतेम 26 ग्रॅम भरतो, तर तेवढेच शिसे 36 ग्रॅमच्या पुढे राहते. शिवाय खडा आकाराने मोठा असल्याने प्रवाह त्याला अधिक लोटतो. लोखंडी नट मात्र अवश्य वापरावा. तो पाण्यात सुमारे 35 ग्रॅम भरतो, स्वस्त असतो आणि हरवला तरी विष मागे ठेवत नाही.

प्रश्न : याच मांडणीवर कटला मिळेल का?

उत्तर : क्वचितच. कटला वरच्या थरात चरतो, त्याचे तोंडही वर वळलेले असते. त्याच्यासाठी तरंगा लावून आमिष अधांतरी ठेवावे. तळाची मांडणी मृगळ, सायप्रिनस आणि गांडूळ लावल्यास शिंगाळ्यासाठी राखावी.

प्रश्न : शिशाच्या बारीक गोळ्या दातांनी दाबून बसवाव्यात का?

उत्तर : मुळीच नाही, चिमटा वापरावा. शिसे विषारी आहे. गाळात पडलेल्या गोळ्या खडे समजून गिळल्याने इंग्लंडमध्ये राजहंस मरू लागले, तेव्हा तिथे 1987 पासून लहान शिशांच्या विक्रीवर बंदी आली. भिगवणच्या उथळ पाण्यात बदके आणि पट्टकादंब उतरतात, म्हणून तिथे तरी मी नटच लावेन. आणि शिसे हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय कणकेला किंवा डब्यातल्या भाकरीला हात लावू नये.