विलोला कुंपण कशाला?

प्रश्न : जूनमध्ये मुलाकडे डेन्व्हरला गेलो होतो. त्याने आम्हा दोघांना रॉकी माउंटन नॅशनल पार्क दाखवलं. पश्चिमेकडच्या कावुनीची खोऱ्यात माणसाहून उंच जाळीचं कुंपण दिसलं. आत एखादं श्वापद असेल म्हणून डोकावलो, तर नुसती झुडपं! मुलगा म्हणाला, 'बाबा, ही विलो.' मी आजवर विलो म्हणजे बॅटचं झाड समजत होतो. बाहेर हरणं मोकळी आणि झुडपं पिंजऱ्यात, हा काय प्रकार आहे, मॅडम?
– एक निवृत्त बँक अधिकारी, सांगली

उत्तर : पत्र वाचून हसू आलं. लेकीच्या बाळंतपणाला तिकडे गेले होते, तेव्हा मीही याच खोऱ्यात अशाच जाळीला नाक लावून उभी होते. जावई गाडीत ताटकळत बसले होते.

आधी बॅटचं उरकून टाकू. बॅटचं लाकूड देतो तो पांढऱ्या विलोचा एक वाण, चांगला मोठा वृक्ष. पण विलोच्या जगात चारेकशे जाती आहेत आणि त्यांतल्या बऱ्याचशा झुडपंच आहेत. तुम्ही पाहिलीत ती कोलोरॅडोच्या डोंगरातली ओढ्याकाठची विलो. एकाच काठावर तीन-चार जाती गळ्यात गळा घालून उभ्या असतात, शिवाय आपसांत संकरही करतात. मी भिंग काढून पानाची पाठ, लव, फांदीवरचा मेणासारखा थर सगळं तपासलं आणि शेवटी वहीत 'विलो' एवढंच लिहून वही मिटली. चाळीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवल्यावर ही कबुली द्यायला जरा जड जातं.

ती नुसती झुडपं नव्हेत, ती अख्खी वस्ती असते. पायथ्याशी लव्हाळ्याच्या कुळातलं दाट, ओलं गवत. मधूनच बुटके बर्च आणि अल्डर. फांद्यांच्या गर्दीत पिवळेजर्द वॉर्बलर घरटी करतात. बर्फ वितळता वितळताच विलोला तुरे येतात, तेव्हा उपाशी मधमाश्यांना पहिला घास तिथे मिळतो. नर-मादी झुडपं वेगवेगळी असतात. मादीच्या तुऱ्यांतून कापूस उडतो, रुईच्या म्हाताऱ्या उडतात ना, तसाच, फक्त फार बारीक. या बियांना धीर म्हणून नाही. थोड्याच दिवसांत त्या मरतात. तेवढ्यात पुराने नुकता टाकलेला, उघडा, ओला गाळ सापडला तर कोंब येतो. पुढे पूर ओसरू लागला की पाणी खाली जातं आणि रोपाचं मूळ त्याच्या मागोमाग खाली धावतं. पाणी मुळापेक्षा वेगाने उतरलं की रोप संपलं.

म्हणजे विलोचं सगळं गणित जमिनीखालच्या पाण्यावर. आणि डोंगरातल्या ओढ्याचं पाणी जागेवर धरून ठेवणारा गवंडी म्हणजे बीव्हर. हा मोठ्या घुशीसारखा, चपट्या शेपटीचा प्राणी विलोच्या फांद्या कुरतडतो, साल खातो आणि उरलेल्या काटक्या चिखलात रचून ओढ्यावर बंधारा घालतो. आपल्याकडे दिवाळीच्या आगेमागे गावकरी श्रमदानाने पोत्यांचे वनराई बंधारे घालतात आणि आसपासच्या विहिरींना पाणी टिकतं. बीव्हर बारा महिने तेच करतो, तेही भाषणं आणि हारतुरे वगळून. पाणी तुंबतं, काठावर पसरतं, जमिनीत मुरतं, गाळ साचतो. तोडलेली विलो बुंध्यापासून पुन्हा फुटते. बंधाऱ्यात खोचलेल्या एखाद्या ओल्या फांदीलाही मुळं फुटतात. विलो बीव्हरला पोसते आणि बीव्हर विलोला.

हा संसार मोडायला सुरुवात झाली एकोणिसाव्या शतकात. युरोपातल्या टोप्यांसाठी बीव्हरची लोकर हवी होती, म्हणून फासे लावणाऱ्यांनी रॉकीच्या ओढ्यांतले बीव्हर वेचून मारले. तिकडे लांडगेही संपवले. मग एल्क, म्हणजे आपल्या सांबराचे थोराड भाऊबंद, निर्धास्त झाले. 1978 मध्ये कोलोरॅडोत शिकारीसाठी बाहेरून मूस आणून सोडले. मूस हे हरणांतलं सगळ्यात मोठं जनावर, आणि विलो त्याचं आवडतं खाणं. ते हळूहळू तुमच्या कावुनीची खोऱ्यातही उतरले. एवढ्या तोंडांना कोवळा कोंब पुरत नाही. झुडूप गुडघाभरच राहतं, तुरे धरत नाही, बी होत नाही. आणि उंच फांद्या नाहीत म्हणून बीव्हर परतत नाही.

एक तपशील मला स्वतःला फार आवडतो. तिथला सुतार पक्ष्याचा एक भाऊबंद विलोच्या सालीत ओळीने भोकं पाडून रस पितो. त्या जखमेतून बुरशी शिरते आणि अख्खी फांदी वाळते. तगडं झुडूप एखादी फांदी सहज सोडून देतं, नवी काढतं. पण नवी फुटली की मूस खातो. म्हणजे मारतो कोण? पक्षी, बुरशी की मूस? कोर्टात एकावरही गुन्हा सिद्ध व्हायचा नाही.

पाण्याचा आणखी एक वाटेकरी आहे. खोऱ्यातून पश्चिमेकडच्या डोंगराकडे नीट पाहिलं असेल, तर उतारावर एक आडवी रेघ दिसली असेल. मुलाने तो रस्ता आहे असं सांगितलं असेल, मलाही जावयांनी तेच सांगितलं. तो पाट आहे, ग्रँड डिच. 1890 मध्ये खणायला घेतलेला हा पाट उतारावरचं बर्फाचं पाणी कोलोरॅडो नदीला मिळण्याआधीच अडवतो आणि खिंडीतून पूर्वेकडच्या शेतांना नेतो. 2003 मध्ये तो फुटला, तेव्हा दगडमातीचा लोंढा थेट नदीच्या उगमाजवळच्या पाणथळीत येऊन बसला. पाटाच्या पाण्यावरून होणारी भांडणं सांगलीकरांना मी काय सांगावी!

आता कुंपण. पार्कने 2008 पासून अशी कुंपणं घालायला घेतली. एल्क आणि मूस बाहेर राहतात, पण जाळीखाली फट ठेवलेली असते, म्हणजे बीव्हरसारखे लहान प्राणी ये-जा करू शकतात. म्हणजे पिंजरा विलोला नाही, बीव्हरला बोलावणं आहे.

कुंपणाने काम भागतं का? माझ्या मते अर्धंच. अमेरिकेतल्याच यलोस्टोन नॅशनल पार्कमध्ये 1995-96 साली लांडगे परत आणले आणि 'लांडगे आले, विलो वाढली, नद्या सुधारल्या' अशी गोड गोष्ट जगभर झाली. व्हॉट्सॲपवर तुम्हालाही आली असेल. पण तिथेच 2001 मध्ये संशोधकांनी ओढ्यांवर एक साधा प्रयोग मांडला. काही ठिकाणी नुसतं कुंपण, काही ठिकाणी नुसता बीव्हरसारखा बंधारा, काही ठिकाणी दोन्ही, काही ठिकाणी काहीच नाही. जिथे कुंपण आणि बंधारा दोन्ही होते, तिथे विलो खऱ्या अर्थाने उंच झाली. नुसत्या कुंपणाआड ती रेंगाळली. कारण बीव्हर गेल्यावर ओढा स्वतःचं पात्र खोल खणत गेला होता आणि पाणी मुळांच्या हाताबाहेर गेलं होतं. लांडगा एल्कला हाकलेल, पण पाणी वर कसं आणणार? म्हणून कावुनीचीतही आता नुसत्या जाळीवर न थांबता ओढ्यात खुंट रोवून, फांद्या विणून नकली बंधारे घालतात. माणसाने बीव्हरची नोकरी करायची, खरा बीव्हर कामावर रुजू होईपर्यंत.

प्रश्न : वरील पत्र यजमानांनी लिहिलं. मी तिथून विलोची एक काडी आणायला निघाले होते, त्यांनी आणू दिली नाही. फांदी लावून विलो जगते का?
– त्यांची पत्नी

उत्तर : बरं झालं त्यांनी अडवलं. पार्कातलं पानही तोडायला बंदी आहे. शिवाय परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला नसेल तर जिवंत काडी भारतात आणता येत नाही. आणि इतक्या थंडीची सवय असलेलं झुडूप सांगलीच्या एप्रिलमध्ये काय करणार?

पण फांदीने विलो जगते, अगदी सहज. आपली घरची विलो आहेच की, वाळुंज. सह्याद्रीतल्या ओढ्या-नद्यांच्या काठी असते, पानाची पाठ पांढरट, वारा आला की सगळं झाड रंग बदलतं. माझ्या माहेरी ओढ्यावर धुणं धुवायच्या दगडाशेजारी एक वाळुंज होती. फांदी वाकवून आम्ही तिच्यावर परकर वाळत घालायचो. परसात सांडपाण्याची ओली जागा असेल, तर पावसाळ्याच्या तोंडाला अंगठ्याएवढी जाड, हातभर लांब फांदी निम्मी मातीत खोचा. घराच्या पायापासून आणि पाइपांपासून मात्र लांब, कारण मुळं पाण्याच्या वासावर जातात. आणि पहिलं वर्ष शेळीपासून जपा. जाळी लावलीत तरी चालेल.