लाल फोर्ड चालेल का?

प्रश्न: दादा, फोर्ड मॉडेल टी या जुन्या मोटारीचं 1:24 किट (खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाएवढं जोडायचं मॉडेल) बनवतोय, मला गाडी लाल करायचीय पण मित्र म्हणतो ती काळीच असायची, लाल केलीस तर लोक हसतील. काय करू?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: मित्राचं अर्धंच खरंय बघा. फक्त काळा रंग मिळायचा तो 1914 ते 1925, त्याआधी 1909 ला तर कारखान्यातूनच लाल गाड्या निघायच्या, म्हणून आधी किटमधली गाडी कुठल्या सालची ते बघा. रेडिएटर पितळी असेल तर गाडी 1916 पर्यंतची. 1915 ची निघाली तरी खुशाल लाल मारा, शोकेस तुमची, फक्त खाली ‘अगदी ओरिजिनल’ अशी पट्टी लावू नका राव! आणि स्प्रे सोलापूरच्या मे मधल्या दुपारी नकोच, रंग हवेतच वाळतो न् बॉनेट पॉलिश पेपरसारखं खरखरीत होतं, सकाळी लवकर उरका.