अलार्मला ३० सेकंदांचा उशीर: ५५५ कसा जोडाल

दार उघडल्यावर लगेच नाही, अर्ध्या मिनिटाने अलार्म वाजायला हवा ना? मग ५५५ या टायमर चिपचं पुस्तकातलं नेहमीचं मोनोस्टेबल (ट्रिगरला एकदाच ठरावीक वेळ चालणारं) सर्किट तसंच उचलू नका. त्यात ट्रिगर मिळताच आउटपुट हाय होतं आणि वेळ संपल्यावर लो. तुम्हाला नेमकं उलटं हवंय.

५५५ च्या पिन २ आणि ६ एकत्र जोडा. तिथून प्लस सप्लायला १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (त्याचं प्लस टोक सप्लायकडे) आणि ग्राउंडला २७० किलोओहमचा रेझिस्टर. दार उघडून सप्लाय आला की दोन्ही पिना आधी वर असतात, म्हणून आउटपुट लो. कपॅसिटर भरत जातो तसं तिथलं व्होल्टेज उतरतं. सप्लायच्या एक तृतीयांशाखाली गेलं की आउटपुट हाय. वेळ साधारण १.१ × आर × सी, म्हणजे जवळपास ३० सेकंद. पिन ४ सप्लायला जोडायला विसरू नका.

खरी गोम कपॅसिटरमध्ये आहे. अशा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची व्हॅल्यू सहज २० टक्के इकडेतिकडे असते, शिवाय त्यातून थोडा करंट लीक होतो. वेळ वाढवायला रेझिस्टर काही मेगाओहमवर नेलात तर व्होल्टेज त्या पातळीपर्यंत उतरणारच नाही आणि अलार्म गप्प राहील. म्हणून २७० किलोऐवजी २२० किलो आणि सिरीजमध्ये १०० किलोचा प्रीसेट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) घाला, वेळ घड्याळ लावून जुळवा.

आउटपुटवर अलार्मसाठी रिले लावत असाल, तर त्याच्या कॉइलवर उलटा १एन४००७ डायोड हवाच. आणि दार परत लावलं तरी सप्लाय तुटू नये, यासाठी दाराच्या स्विचनंतर लॅचिंग रिले किंवा एससीआर (दोन्ही एकदा चालू झाले की चालूच राहणारे स्विच) लावा. नाहीतर चोर दार ओढून घेईल आणि वेळ मोजणंच थांबेल.