सात एजन्सींना अर्ज केले, एकीनेच अ‍ॅग्रीमेंट पाठवलं. फ्रीलान्स भाषांतरासाठी अर्ज नेमका कसा करायचा?

तुम्ही लिहिलंय की मराठीत एम.ए. झालंय, दोन वर्षं शाळेत शिकवलंय आणि आता घरून इंग्रजी-मराठी भाषांतराची कामं करायची आहेत. सात एजन्सींना बायोडाटा पाठवला, सहा गप्प. सातवीने दोन हजार शब्दांची विनामूल्य चाचणी आणि 'इंडिपेंडंट कॉन्ट्रॅक्टर अ‍ॅग्रीमेंट' पाठवलं, आणि सही करू का असं तुम्ही विचारताय.

आज सही करू नका. दोन हजार शब्द ही चाचणी नाही, तो एका माणसाचा पूर्ण दिवसाचा धंदा आहे. चाचणी दोनशे-तीनशे शब्दांची असते आणि तेवढी फुकट द्यायला हरकत नाही. त्यांना नम्रपणे लिहा, 'यातले पहिले तीनशे शब्द करून देते, पुढचे माझ्या दराने.' खरी एजन्सी हे लगेच मान्य करते. जी चिडते किंवा घाई करते, तिच्याकडे पुढे पैसेही असेच अडकतात.

रजिस्ट्रेशन फी, सिक्युरिटी डिपॉझिट, सॉफ्टवेअरचे पैसे असं काहीही कुणी मागितलं तर तिथेच थांबा. काम देणारा पैसे देतो, घेत नाही. फसवणारे लोक डेटा एंट्रीच्या नावाखाली करारावर सही घेतात, मग 'अचूकता कमी भरली' म्हणून दंड मागतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर वकिलाची खोटी नोटीस येते. माझ्या मावसबहिणीने अशा नोटिशीला घाबरून पैसे भरले होते. भरायचे नाहीत, १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा.

आता गप्प राहिलेल्या त्या सहा एजन्सींबद्दल. माझा पहिला बायोडाटा नोकरीच्या अर्जासारखा होता. जन्मतारीख, वडिलांचं नाव, दहावीचे टक्के, खाली 'वरील माहिती खरी आहे'. एजन्सीतल्या व्हेंडर मॅनेजरला, म्हणजे भाषांतरकार निवडणाऱ्या बाईंना, यातलं काहीच लागत नाही. ती नोकर शोधत नसते, पुरवठादार शोधत असते. तिच्या इनबॉक्समध्ये शेकडो मेल असतात आणि तिला पाच गोष्टी हव्या असतात. कुठल्या भाषेतून कुठल्या भाषेत, कुठल्या विषयात, दिवसाला किती शब्द, कुठलं सॉफ्टवेअर येतं, दर काय. हे मेलच्या पहिल्या चार ओळींत दिसलं पाहिजे. विषयाच्या ओळीत 'जॉब अ‍ॅप्लिकेशन' लिहू नका. 'इंग्रजी ते मराठी भाषांतर, शालेय व शिक्षक-प्रशिक्षण साहित्य' असं लिहा. तुमची शाळेतली दोन वर्षं हीच तुमची खरी ताकद आहे. 'सर्व विषय करते' असं लिहिणाऱ्याला कुठल्याच विषयाचं काम मिळत नाही, हे मी बारा वर्षं बघतेय.

आणि नमुना जोडा. एक पान पुरे, पण असं पान की वाचणाऱ्याला फरक कळावा. मी औषधांच्या चाचण्यांची संमतीपत्रकं करते. २०१९च्या नियमांनुसार ही पत्रकं रुग्णाला समजेल अशा भाषेत द्यावी लागतात. त्यातलं नेहमीचं एक वाक्य नवखा माणूस असं करतो: 'आपण कोणत्याही क्षणी कोणत्याही दंडाशिवाय अभ्यासातून माघार घेऊ शकता.' शब्दाला शब्द बरोबर आहे. पण अभ्यास म्हटलं की खेड्यातल्या बाईला मुलाचा गृहपाठ आठवतो, आणि दंड म्हटलं की पैसे. मी लिहिते, 'तुम्ही या संशोधनातून केव्हाही बाहेर पडू शकता, आणि बाहेर पडलात म्हणून तुमचं काही नुकसान होणार नाही.' हे वाक्य वाचून माणूस आपल्या शरीराबद्दल निर्णय घेणार असतो. इथे भाषा चुकली तर संमती संमतीच राहत नाही. तुमच्या नमुन्यातही असं एखादं वाक्य हवं, शाळेच्या जगातलं.

दर शब्दावर ठरतो, आणि तो मूळ इंग्रजी शब्दांवर. मराठीत शब्द कमी होतात, म्हणून कुठल्या भाषेतले शब्द मोजणार ते आधी विचारा. ट्राडोस किंवा मेमोक्यूसारखं भाषांतराचं सॉफ्टवेअर वापरायचं असेल तर आधी झालेल्या किंवा पुन्हा पुन्हा येणाऱ्या वाक्यांचे पैसे कापले जातात. ही कपात किती टक्के, तेही आधी लेखी घ्या. मशीनने केलेलं मराठी दुरुस्त करायचं काम हल्ली बरंच येतं आणि त्याला दर निम्मा सांगतात. फाइल बघितल्याशिवाय हो म्हणू नका. वाईट मशीन-मराठी सुधारण्यापेक्षा कोऱ्या पानावर लिहिणं लवकर होतं.

अ‍ॅग्रीमेंटमध्ये गोपनीयतेचं कलम असणारच, ते ठीक आहे. मी आधी पैशांचं कलम वाचते. 'अंतिम ग्राहकाने पैसे दिल्यावर' असं लिहिलं असेल तर ते काढून 'बिलापासून ३० दिवस' किंवा ४५ दिवस करून मागते. माझ्या चुकीसाठी मागायच्या नुकसानभरपाईला मर्यादा नसेल तर 'त्या कामाच्या बिलाइतकीच' अशी घालायला सांगते. स्वतंत्र कंत्राटदार म्हणजे पीएफ नाही, रजा नाही, पण मग नऊ ते सहा ऑनलाइन बसा असंही त्यांना म्हणता येत नाही.

उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी, करून ठेवा. ती ऑनलाइन आणि मोफत आहे, कुणी एजंट पैसे मागेल तर देऊ नका. सूक्ष्म उद्योग म्हणून नोंद असली की भारतातल्या ग्राहकाने करारात काहीही लिहिलं तरी ४५ दिवसांत पैसे देणं कायद्याने बंधनकारक असतं, आणि तक्रार सरकारी पोर्टलवर ऑनलाइन करता येते. एका ग्राहकाकडून वर्षाला ५०,००० रुपयांच्या वर गेलात की बहुधा १० टक्के टीडीएस कापला जाईल. उत्पन्न करपात्र नसेल तर रिटर्न भरून ते पैसे परत मिळतात. त्यासाठी पॅन बिलावर छापा. २० लाखांपर्यंतच्या उलाढालीला महाराष्ट्रात जीएसटीची नोंदणी लागत नाही.

एक गोष्ट मात्र कुठल्याही ओळखीखातर सोडू नका, ती म्हणजे पीओ, परचेस ऑर्डर, कामाची लेखी ऑर्डर. २०१६ मध्ये एका एजन्सीच्या कोऑर्डिनेटरचा रात्री फोन आला, 'ताई, उद्या दुपारपर्यंत ९,००० शब्द, तुमच्याशिवाय कोणी नाही.' मी आणि माझ्या मैत्रिणीने रात्रभर बसून केलं. महिन्याभराने बिल पाठवलं तेव्हा तो मुलगा नोकरी सोडून गेला होता आणि नवीन बाईंकडे कामाची नोंदच नव्हती. ८० पैशांनी ७,२०० रुपये होते. मैत्रिणीचे निम्मे मी माझ्या खिशातून दिले. तेव्हापासून पीओ नंबर, शब्दसंख्या, दर आणि मुदत मेलवर आल्याशिवाय मी फाइल उघडत नाही. घाई असली की लोक दोन मिनिटांत पीओ पाठवतात, विचारून बघा.

त्या सहा एजन्सींना नवीन मेल आणि नमुना घेऊन पुन्हा लिहा. तीन आठवड्यांनी आणखी एकदा. मला पहिलं उत्तर चौथ्या मेलला आलं होतं आणि काम होतं ३४० शब्दांचं, मधुमेहाच्या रुग्णांनी पायांची काळजी कशी घ्यावी याचं एक पत्रक.