३५ हजारांची स्टिक आत्ता घेऊ नका

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातला कापूस-तुरीचा शेतकरी. मुलगा अकरावीत आहे. कॉलेज सुटलं की तालुक्याच्या गावी पूल पार्लरमध्ये, म्हणजे टेबलावर स्टिकनं बॉल मारायचा खेळ खेळायले जातो. तिथल्या एका छोट्या स्पर्धेत पहिला आला. आता ३५,००० रुपयांची कार्बनची स्टिक मागतो आणि बारावीनंतर यातच करिअर करतो म्हणतो. टेबल तासाला १२० रुपये आहे. आमच्या गावात याले जुगारच समजतात. त्याले हो म्हणू का नाही म्हणू?

उत्तर :

भाऊ, स्टिक आत्ता घेऊ नका. पण पोराचा खेळही बंद करू नका.

जुगाराचं आधी बोलतो, कारण तुमच्या मनात तेच जास्त आहे. गावचे लोक अगदीच चुकीचं बोलत नाहीत. पार्लरमध्ये हरणाऱ्याने टेबलाचे पैसे द्यायचे, अशी पद्धत बहुतेक ठिकाणी असते. तिथून शंभर-दोनशेच्या पैजेवर जायला वेळ लागत नाही. बाजाराच्या दिवशी सहज तिथे जा, अर्धा तास बसा आणि डाव संपल्यावर पैसे कोण काढतो ते बघा. पोराशी एवढंच ठरवा की टेबलाचे पैसे निम्मे-निम्मे द्यायचे आणि पैज नावालाही लावायची नाही. बाकी या खेळात कमीपणाचं काही नाही. वैयक्तिक खेळात जगज्जेता झालेला पहिला भारतीय पूलच्याच जातकुळीतल्या बिलियर्ड्सचा खेळाडू होता : पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स, साल १९५८. आणि त्याच जातकुळीतला स्नूकर तर १८७५ मध्ये आपल्या शेजारच्या जबलपूरलाच जन्माला आला.

आता स्टिक. कार्बन की लाकूड, यावरून पूलचे चाहते जगभर वाद घालतात. लाकूडवाले म्हणतात, बॉल लागल्याचं हाताला कळतं ते लाकडातच. कार्बनवाले म्हणतात, ती वाकत नाही, तिला खोक पडत नाही. आपल्याकडचा मे महिन्याचा उन्हाळा आणि त्यामागून येणारा दमट पावसाळा पाहिला, तर कार्बनवाल्यांचं म्हणणं मला पटतं. पण या स्टिकचा खरा फायदा साइड मारताना आहे. ज्याला स्टिक मारायची त्या पांढऱ्या बॉलच्या डाव्या-उजव्या अंगाला मारलं की तो नेमलेल्या रेषेतून थोडा उलट बाजूला सरकतो. हे सरकणं चांगल्या कार्बनच्या दांडीत कमी होतं. ज्याचा मधोमध मारलेला फटकाच अजून पक्का नाही, त्याला याचा काय उपयोग?

पार्लरमधल्या स्टिकांतूनच एक निवडायला त्याला सांगा. टेबलावर ठेवून हळूच लोटायची. टोक वरखाली नाचलं तर ती वाकडी. मग टिप बघायची. टोकाचं ते चामडं सपाट आणि नखासारखं चकचकीत झालं असेल, तर त्यावर खडू धरत नाही आणि ऐन वेळी स्टिक घसरते. किंचित घुमटासारखी, खरखरीत टिप हवी. मालकाशी बोलून एका स्टिकला नवी टिप बसवून घ्या, हा खर्च मात्र खुशाल करा.

स्टिकच्या पैशांत २९० तास टेबल मिळतं. रोज एक तास धरला तर साडेनऊ महिने. पोराला आज त्याचीच गरज आहे.

त्याने जिंकलेल्या स्पर्धेबद्दलही मोकळेपणाने सांगतो. दोन बॉल शेजारी शेजारी कोपऱ्याच्या पॉकेटच्या, म्हणजे बॉल पडतो त्या भोकाच्या, तोंडाशी ठेवायला सांगा. बॉल सव्वादोन इंचाचा असतो, म्हणजे दोन मिळून साडेचार इंच. ते आरामात मावून वर जागा उरत असेल, तर ते टेबल सोपं आहे. मोठ्या व्यावसायिक स्पर्धांत अलीकडे चार इंचांच्या आसपासची पॉकेट वापरतात, तिथे हे दोन बॉल एकत्र मावतच नाहीत. शिवाय टेबल नऊ फुटी असतं, म्हणजे खेळायची जागा १०० बाय ५० इंच. नागपूरला एखाद्या क्लबात अशा टेबलावर त्याला दोन दिवस खेळवून आणा. तिथे हरला तरी चालेल, परत येताना काय बोलतो ते ऐका.

नशिबाचा भागही वजा करायला हवा. नाइन-बॉल हा पूलचा एक प्रकार, त्यात नऊ नंबरचा बॉल भलत्याच पॉकेटात गेला तरी डाव जिंकता येतो. टेन-बॉल या दुसऱ्या प्रकारात बॉल आणि पॉकेट आधी सांगावं लागतं. कोणता खेळ खरा, यावर चाहत्यांचं एकमत नाही. सरावासाठी मी टेन-बॉलचाच नियम लावीन.

आणि एकट्याने खेळायचा एक सराव आहे, जाणकार त्याला भुताबरोबर खेळणं म्हणतात. पाच बॉल टेबलावर पसरायचे, पांढरा बॉल हवा तिथे ठेवायचा आणि क्रमाने पाचही पॉकेटात घालायचे. एक जरी हुकला तर डाव भुताचा. सात डाव जो आधी जिंकेल तो विजेता. निकाल वहीत लिहायचा, कोणत्या बॉलवर आणि का हुकला तेही लिहायचं. पाचांवर भूत सतत हरू लागलं की सहा घ्यायचे, मग सात. पूर्ण नऊ बॉलांवर जो भुताला नियमित हरवतो, त्याच्यासाठी स्टिक घ्यायला मी स्वतः सांगेन. भूत पैज लावत नाही, हा तुमच्यासाठी जास्तीचा फायदा.

करिअरचं म्हणाल तर वाट अरुंद आहे. केवळ पूल खेळून महिन्याचा पगार मिळेल अशी व्यवस्था आपल्या देशात नाही. ज्यांना स्थैर्य मिळालं त्यांना ते बहुतेक नोकरीतून मिळालं. बिलियर्ड्स-स्नूकरचे जगज्जेते पंकज अडवाणी यांच्यामागे सरकारी तेल कंपनीची नोकरी होती, आणि त्यांनी वाणिज्य शाखेची पदवीही घेतली. खेळ ऑलिंपिकमध्ये नाही. आशियाई स्पर्धांत १९९८ ते २०१० होता, नंतर वगळला गेला. म्हणून खेळाडू कोट्याच्या भरवशावर राहण्याआधी यवतमाळला जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारा : या खेळाचं कोणतं प्रमाणपत्र कुठे चालतं? राज्य संघटनेच्या निवड स्पर्धा कधी असतात?

बारावी आणि पदवी सोडायची नाही, यावर ठाम राहा. त्याला खेळाच्याच जगात राहायचं असेल तर अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, तिथे शारीरिक शिक्षणाचे पदवी अभ्यासक्रम आहेत. टेबल बसवणं हाही कसबाचा धंदा आहे. कापडाखालच्या दगडी पाट्या लेव्हलमध्ये आणायच्या, सांधे भरायचे, कापड ताणून लावायचं. तालुक्याच्या गावांत हे काम जाणणारा माणूस शोधूनही सापडत नाही.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘पोरगं कापूस वेचायले येते, पण रस्त्यानं हातातली काडी स्टिकसारखी धरते.’ भाऊ, हे वाचून मला त्याच्याबद्दल आशा वाटली. शंभर पानी वही आणून द्या. पहिली पंधरा पानं भरली की त्यांचे फोटो पाठवा. तो कुठल्या बॉलवर अडकतो ते पाहून पुढचं लिहितो.